कडूबाईच्या तळ्यातल्या चिलाप्या

कडूबाईनं जाळ्यातून सोडवलेली चिलापी जेमतेम बोटाएवढी होती, पण तोंड टम्म फुगलेलं. जबडा अंगठ्यानं दाबला तसा तोंडात सांभाळलेल्या अंड्यांचा पिवळा घास बाहेर आला.

"एवढुश्या जिवाला पोरं," ती म्हणाली.

हे १९९३ सालचं. नेवासा तालुक्याच्या पूर्वेला, बहात्तरच्या दुष्काळात बांधलेल्या एका पाझर तलावावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, हनुमंताचं, पोट होतं. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला निघून जायची. ही भोयाची दोघं तेवढी पाण्यापाशी राहायची. कडूबाईचं माहेर प्रवरासंगमच्या अंगाला, जायकवाडीच्या फुगवट्यावर. तिथं तिचा बाप ताटलीएवढ्या चिलाप्या काढायचा. मासा तोच, मग इथंच त्याची वाढ का खुंटते? हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला तो निघेचना. जाळं विणताना गाठी चुकायला लागल्या. भरल्या ताटावरून उठून ती बांधावर जाऊन उभी राहायची.

"जातच बारकी हाय ती," हनुमंत म्हणायचा. "तू काय तिला वढून लांब करनार हायस व्हय?"

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या दिपाली मॅडम नेवाशाच्या बाजारात तिच्याकडून मासे न्यायच्या. एका रविवारी कडूबाईनं त्यांनाच हे विचारलं. मॅडम पिशवी खाली ठेवून तिथंच उकिडव्या बसल्या.

"आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांत या चिलापीच्या भावकीतले शेकडो जातींचे मासे आहेत," त्या म्हणाल्या. "कुणी खडकाच्या फटीत राहतं, कुणी उघड्या पाण्यात. फटीत लपायचं तर बारकं अंग बरं. उघड्यावर लपायला जागा नाही. तिथं शिकाऱ्याच्या जबड्यात न मावणारा मासा वाचतो. जो वाचतो त्याचीच पिल्लं होतात. हजारो पिढ्या असं चाललं की अंगाची ठेवणच बदलते. आणि शिकारी मोठेच मासे उचलत असेल, तर लवकर पिल्लं घालणारे बारके टिकतात."

"आमच्या तळ्यात तिला खानारं कुनीच न्हाई."

"मग सगळी जगतात, आणि सगळी अर्धपोटी राहतात."

एवढं कडूबाईला पुरलं. पुढच्या आठवड्यात ती माहेरी गेली आणि घागरीत बारके मासे गिळणाऱ्या आठ जिवंत मरळी घालून एसटीत चढली. मरळ वरची हवा घेते, थोड्या पाण्यात तग धरते. घागरीवर ओलं फडकं बांधलेलं होतं, तरी आतून धडका बसत होत्या.

"मावशे, काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"पाव्हनं हायेत," ती म्हणाली आणि घागर मांडीशी घट्ट धरली.

मरळी पाण्यात गेल्यावर तिनं हनुमंताला सांगितलं. तो म्हणाला, "शेळ्यांत लांडगं सोडलंस तू."

वर्षभरात त्याचं म्हणणं खरं होताना दिसलं. चिलाप्या निम्म्यावर आल्या. गावात जो तो तिला बोलायला लागला. हनुमंत तिच्याशी कामापुरतं बोलायचा. कडूबाईला कुठंच बसवेना. उन्हातान्हाची ती तळ्याला फेऱ्या घालायची, काठाच्या लव्हाळ्यात वाकून पिल्लांचे घोळके शोधायची; दिसले तरी जिवाला चैन नाही, न दिसले तरी नाही. आपण एक जितं तळं मारलं, असं तिच्या मनानं घेतलं.

पंच्याण्णवच्या मार्गशीर्षात हनुमंतानं जाळं ओढलं आणि तिला हाक मारली. जाळ्यात थोड्याच चिलाप्या होत्या, पण एकेक तळहाताएवढी, पाठ उंच, अंगानं भरलेली. त्यानं एक उचलून तिच्या हातात ठेवली.

"मोठ्या भोकांचं जाळं विनावं लागंल," तो म्हणाला. दोन वर्षांत त्यानं तिच्याशी केलेलं पहिलं सरळ बोलणं ते.

तिनं त्यातल्या दोन चिलाप्या मॅडमना नेऊन दाखवल्या.

"जात बदलली का मग?"

"इतक्यात नाही बदलत. तोंडं कमी झाली, खाणं वाढलं, म्हणून वाढल्या असतील. नक्की मलाही सांगता यायचं नाही."

कडूबाईला ते पटलं, पण स्वस्थता आली नाही. तिनं तळ्यातल्या सहा मोठ्या चिलाप्या वापरात नसलेल्या एका विहिरीत सोडल्या. तिथं मरळ नव्हती. वर्षानं बादली बुडवली तर बोटाएवढ्या चिलाप्यांची नुसती दाटी, आणि एकीच्या तोंडात अंडी.

"झालं समाधान?" हनुमंतानं विचारलं.

"जात तीच ऱ्हायली, येवढं कळलं," ती म्हणाली. "पर पोरं लवकर घालायची, ह्ये त्या एवढ्याशा जिवाला सांगतं कोन?"

आता त्या कधी पोरं घालतात ते बघायला तिनं विहिरीत चार मरळी सोडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या फेऱ्या तळ्याऐवजी विहिरीकडं सुरू झाल्या.