सैल घुमट

रुद्रेशाचा गिटारवर हात बसलेला, त्याबद्दल वादच नाही. गोव्यातल्या साखळी गावात रॉक वाजवून पोट भरणारा तो एकटाच. त्यामुळे पणजीच्या सोनालीने आपल्या साहसपटाचं संगीत त्याच्यावर सोपवलं, तेव्हा गडी हवेतच तरंगायला लागला. शेवटचा प्रसंग मोठा होता. बंद पडलेल्या खाणीच्या पाण्यात नायक बुडत्या मित्रासाठी उडी घेतो. तिथे आपली गिटार कडाडणार, हे त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

पण गणपतीच्या चवथीला सोनाली त्याच्या घरी जेवायला आली आणि आरतीत गौरेशाचं घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं वाद्य, ऐकून बसली. गौरेश म्हणजे रुद्रेशाच्या जुन्या बँडचा ड्रमर, आता बाजारात झेरॉक्सचं दुकान चालवणारा. चवथीपुरतं घुमट हातात घेतो, आणि तेवढ्यानेच बाई त्याच्यावर फिदा! शेवटच्या प्रसंगाला गिटारसोबत घुमटही घेऊया, म्हणाली. रुद्रेशाच्या पोटात दुखायला लागलं, ते काही चवथीच्या गोड नेवऱ्यांमुळे नव्हे.

घुमटाचं कातडं वाजवण्याआधी उन्हात तापवावं लागतं, नाहीतर ते सैल पडतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी गौरेशाने सकाळीच घुमट रुद्रेशाच्या घरी आणून दिलं, उन्हात ठेव म्हणून बजावलं आणि दुकान उघडायला गेला. या बहाद्दराने ते नेऊन ठेवलं न्हाणीच्या ओल्या कोपऱ्यात. जळफळाट माणसाला काय काय करायला लावतो बघा.

दुपारी रेकॉर्डिंगला सोनाली आली, मागोमाग गौरेशही. कातड्यावर बोटं टेकवून त्याने जरा भुवई उचलली आणि वाजवायला बसला. आवाज निघाला खोल, ओला, बुडत्या माणसाच्या छातीतून यावा तसा. गौरेशाची फजिती झाली म्हणून रुद्रेश मनातल्या मनात खूश. सोनालीचे मात्र डोळे भरून आले. हाच आवाज हवा होता, म्हणाली, इथे आता गिटार नकोच.

"रुद्रेशाची युक्ती ती," गौरेश तिला म्हणाला. "कातडं मुद्दाम सैल ठेवलंन त्यानं."

तिने रुद्रेशाचं तोंडभरून कौतुक केलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाहेर जाताच त्याने गौरेशाला धरलं, खोटं कशाला बोललास म्हणून.

"खोटां कसलां? माका वाटलां, तुका तसोच आवाज होयो," गौरेश म्हणाला. "नायतर तू माझां घुमट ओल्यात कशाक ठेवशीत?"

गौरेशाच्या मनाला दुसरा विचार शिवलाच नव्हता. गौरेशाचं वाजवणं रुद्रेशाने एक वेळ सोसलं असतं. पण आता त्याला त्या मनाचाही हेवा वाटायला लागला.