रंगवलेला ट्रेलर

जयपूरच्या मिलिटरी स्टेशनला मी सुभेदार म्हणून आलो तेव्हा आमच्या इंजिनिअर रेजिमेंटमधली प्लांट प्लाटून माझ्या ताब्यात आली. प्लांट म्हणजे डोझर, एक्स्कॅव्हेटर असली अवजड यंत्रं. ती लांबच्या रस्त्यानं स्वतः चालत नाहीत, ट्रेलरवर चढवून न्यावी लागतात. आमच्याकडे ट्रेलर दोन होते. जुना तीन अॅक्सलचा, जाड लोखंडाचा, गंजानं खाल्लेला. दुसरा दोन अॅक्सलचा, नव्यासारखा. दोन्हींच्या पाटीवर क्षमता एकच, वीस टन. आमचा डोझर सोळा टनांचा.

निवृत्तीनंतर मी इथंच जयपूरजवळ, सांगानेरच्या बाजूला राहतो. ओळखीचे ठेकेदार विचारतात, ट्रेलर कोणता घ्यावा? मी सांगतो, पाटी वाचू नका, खाली झोपून बघा. ज्या दांड्यानं ट्रेलर ट्रकला जोडतात त्याच्या टोकाचं कडं आणि तिथलं वेल्डिंग आधी तपासा. अॅक्सल एक जास्त असला तर डिझेल थोडं जास्त जाईल, जाऊ द्या. आणि ताजा रंग दिसला तर खरवडा. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. त्यांना हा म्हाताऱ्याचा संशयीपणा वाटतो. मला हा संशय फार उशिरा सुचला.

ही गोष्ट घडली त्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं आणि त्यानंतर डोझर घेऊन रेंजवर, म्हणजे फौजेच्या सरावाच्या मैदानावर, जायचं होतं. इन्स्पेक्शन आलं की फौजेत रंगाचे डबे उघडतात. गाडीला ऑलिव्ह ग्रीन, रिमला पांढरा, टायरला काळा. बाहेरच्यांना हसू येईल, पण मी या कामात वस्ताद होतो आणि मला त्याचा गर्वही होता. बुधवारी दुपारी दोन वाजता नाईक महादेव शेलार माझ्याकडे आला. प्लाटूनचा मेकॅनिक, पाटण तालुक्यातला, मोजकं बोलणारा.

"साहेब, नव्या ट्रेलरच्या कड्यापाशी वेल्डिंगला बारीक चीर गेलीया. रेंजवर जुनाच नेऊ."

नवा दुरुस्तीला काढून जुना इन्स्पेक्शनच्या लाइनीत उभा केला असता तर प्लाटूनची शोभा झाली असती. मला तेव्हा तीच काळजी. मी म्हणालो, "इन्स्पेक्शन होऊ दे, मग बघू." चार वाजता त्या चिरेवर रंगाचे दोन हात बसले. कडं रंगवायचं राहिलंय, हे ब्रशवाल्याला मीच ओरडून सांगितलं होतं.

इन्स्पेक्शन उत्तम झालं. त्या ट्रेलरपाशी थांबून तपासणीला आलेल्या साहेबांनी मला शाबासकी दिली. मग हुकूम आला की रेंजवरचा सराव एक दिवस अलीकडे घेतलाय, शुक्रवारी सकाळी सहाला निघायचं. शेलारनं गुरुवारी पुन्हा आठवण केली. एक फेरी करून येऊ, आल्यावर वेल्डिंग करू, असं मी त्याला सांगितलं. नाईक आपल्या सुभेदाराला एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत नाही.

अकरा वीसला आम्ही रेंजच्या कच्च्या चढावर होतो. अशा चढावर ट्रेलरच्या मागं लाकडी ठोकळे घेऊन माणसं चालतात. ट्रक अडला तर चाकामागं ठोकळा लावायचा. त्या दिवशी चार जवान त्या कामावर होते. शेलारनं चौघांनाही पुढं पाठवलं आणि एक ठोकळा घेऊन स्वतः मागं गेला. मी पुढच्या जीपमध्ये होतो, वळणावर मला ते आरशात दिसलं. मेकॅनिक हे काम का करतोय, एवढंच मनात आलं.

कडं तुटलं. हवेचा पाइप तुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, तसे ते लागले, पण वाळूवर चाकं मागं घसरत राहिली. शेलार बाजूला उडी मारू शकत होता. त्यानं खाली वाकून ठोकळा लावला. सोळा टनांचा डोझर घेऊन ट्रेलर त्याच्यावरून गेला.

मी वायरलेस सेट घेतला. "ट्रेलर सुटला. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"अॅम्ब्युलन्स निघतेय. हालत सांगा. ओव्हर."

"घाई नको. ओव्हर."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी घडलं तसं सांगितलं. सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे नोंदीवर राहणारी कडक समज, मिळाली. ती कमीच होती, असं मला आजही वाटतं.

तोवर फॅमिली क्वार्टर्समध्ये कुजबुज पसरली होती की ठोकळा वाकडा लागला, चूक शेलारचीच. पंधराव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. गावी जायचं सामान बांधून झालं होतं. त्याच्या पत्नीनं, सुनंदावहिनींनी, पाणी दिलं आणि सरळ विचारलं की ह्यांचं काही चुकलं का. मी चीर सांगितली, रंग सांगितला, त्यानं दोनदा केलेली आठवण सांगितली. मान वर करवत नव्हती.

"लेकीलाबी तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "ती शाळंत ऐकून येती."

मुलगी दहा वर्षांची, जयपुरात वाढलेली. मी तिला समोर बसवून पुन्हा सगळं सांगितलं.

"मतलब, पप्पांना पता होतं की ते तुटेल?"

"हो."

"मग ते मागे का गेले, अंकल?"

"मी त्यांचं ऐकलं नाही म्हणून."

ती उठून आईजवळ जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

नाईक महादेव शेलार, तालुका पाटण, वय चौतीस. ठोकळा त्यानं सरळच लावला होता.