रिकाम्या गल्लीतला माणूस

माझ्या आवडत्या सिनेमातल्या ओसाड गल्लीवर मी दोनदा भाषण ठोकलं होतं. शेवटी ती गल्ली बघायला शिरूर कासारजवळच्या त्या गावात गेलो. दिवाळी होऊन गेली होती. घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. एका निळ्या दाराशी तेवढा एक म्हातारा शेळीची मान खाजवत बसला होता.

"शूटिंगची जागा बघाया आलाव न्हवं?" तो म्हणाला. "त्या शीनात मी बी हाय."

"गल्लीत तर कुणीच दिसत नाही, बाबा."

"दिसंल कसं? रिकामी गल्ली पायजे व्हती त्यान्ला. मला आत बसा म्हणले. ही वरडू नये म्हून हिचं तोंड धरून बसलो दाराआड. लई येळ धरलं, तर चावली की मला!"

अंगठ्यावरचा वण त्यानं पुढे केला आणि मी नीट बघेपर्यंत हात मागे घेतला नाही.

"आता गुढीपाडव्याला माणसं येईपातुर बोलाया हीच."

सिनेमातला तो प्रसंग पाहून मी रडलो होतो. गाव रिकामं करणाऱ्या व्यवस्थेवर तावातावानं लिहिलं होतं. दाराआड माणूस असेल, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

"एक फोटो काढतो, बाबा," मी म्हणालो. मला फोटो त्याचाच हवा होता.

तो लगबगीनं उठला, शेळीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. समोर हुबेहूब सिनेमातली गल्ली उरली.

थोड्या वेळानं आतून दबका आवाज आला, "झालं का?"