मागे पडणारा आवाज

तोताराम जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. आई लवकर गेली; त्याला अंगाखांद्यावर वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, ताईबाईनं. तिला पिंपळनेरला दिलेली. तिकडे कुठंही हळद असली की ताईबाईला बोलावणं यायचंच. तिनं गाणं उचललं की मांडवातल्या बाया हातातलं काम टाकून मागे सूर धरायच्या.

तोतारामनं अठ्ठ्याण्णव साली घरी कॉम्प्युटर घेतला, साउंड कार्ड बसवलं, माइक जोडला. घरातच रेकॉर्डिंग करायचं त्याच्या डोक्यात होतं. त्याच उन्हाळ्यात ताईबाईच्या गळ्यात गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही."

ऑपरेशनआधी ती भावाकडे राहायला आली. आवाज जाड झाला होता, पण सूर अजून जागेवर होता. तोतारामनं तिला माइकसमोर बसवलं, कानांना हेडफोन लावला आणि कीबोर्डवर सूर धरला. तिनं पहिली ओळ म्हटली आणि मध्येच थांबली.

"काय झालं, अक्का?"

"मी गास ना, तं कोनी तरी मना मांगे मांगे गास."

तो तिचाच आवाज होता. कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये उशिरा पोचत होता, आणि स्वतःचाच मागचा शब्द कानावर आला की पुढचा अडखळत होता. तोतारामनं बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज धरून ठेवतो तो वेळ, कमी केला, तर आवाज फुटू लागला. वाढवला, तर आणखी मागे पडला. साउंड कार्ड बदलून पाहिलं, विंडोज नव्यानं टाकलं. रोज तो तिला बसवायचा, रोज ती दोन ओळींत थांबायची. गळाही आता लवकर दुखायचा.

"टेपवर भरी ले ना, भाऊ," ती एकदा म्हणाली. टेपरेकॉर्डर फळीवरच होता.

"टेपमा खरखर ऱ्हास, अक्का. तुना आवाज माले चोखा पाहिजे."

ती हसली. "बरं. तू सांगशी तव्हय गासू."

मग ताप आला, घशाला सूज आली. डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे ओढलं. तोताराम तिला घेऊन धुळ्याला गेला. गाडीत ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तेव्हाही हा मनातल्या मनात सेटिंगच जुळवत होता.

ताईबाई वाचली. महिन्याभरानं, ती अजून दवाखान्यात असतानाच, एका ओळखीच्या रेकॉर्डिस्टनं तोतारामला सांगितलं, "आवाज सॉफ्टवेअरमधून परत कशाला ऐकतोस? ते ऐकणं बंद कर. माइक कार्डातूनच सरळ हेडफोनला दे." स्क्रीनवर सेटिंगमधली एक खूण काढायची, एक लावायची, एवढंच काम होतं. तोताराम घरी गेला, एक खूण काढली, एक लावली, हेडफोन घातला आणि माइकजवळ तोंड नेऊन "अक्का" म्हणाला. त्याच क्षणी ते कानात वाजलं. तो तिथंच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

ताईबाई गळ्याला रुमाल बांधून घरी आली तेव्हा त्यानं लपवलं नाही. "जमनं, अक्का. आते जमनं," एवढंच कसंबसं बोलला. ती उठली, खुर्चीवर बसली, हेडफोन लावला. ओठ हलले. मग तिनं नखानं माइकवर हलकेच टकटक केली, ऐकली आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. त्याचे डोळे पुसायला तिनं पदर पुढं केला, तर त्यानं तिचा हातच धरून ठेवला.

कॉम्प्युटरमध्ये तिची तुटकी गाणी राहिली. सगळी दोन ओळींची.

पुढच्या वैशाखात तिच्या पुतणीची हळद होती. ताईबाई बायांच्या मधोमध बसली. दुसऱ्या कुणी तरी गाणं उचललं; एक कडवं चुकलं तसा तिनं हात वर करून बाईला थांबवलं, आणि नुसत्या ओठांनी शब्द सांगू लागली. बाया तिच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द उचलत होत्या. तोताराम ते बघत मांडवाच्या कडेला उभा होता. त्याला कुणी जेवायला बोलावलं, त्यानं ऐकलं नाही.