लोंबत्या चाकांचं माप

आमच्या भावोजींना सगळे ‘ओळंबा’ म्हणतात, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं आहे. शर्टाच्या खिशात गवंड्यासारखा पितळी ओळंबा, कमरेला दोरीचं रीळ आणि तोंडात एकच वाक्य: "माप घ्यायचं ते गाडी स्वतःच्या पायावर उभी असताना." गाडी लिफ्टवर उचलली की चाकं खाली लोंबतात, सगळे सांधे आपापली जागा सोडतात, मग त्या मापाला काही अर्थ उरत नाही. त्यांच्या गॅरेजात मी हे सव्वीस वर्षं ऐकतोय. मी त्यांचा मेहुणा, लेथवर लोखंडाचे भाग कातायचं काम करतो. मध्ये काही बोललो की उत्तर ठरलेलं: "तू तुझ्या लेथकडे बघ." म्हणून मी मूग गिळून बसायला शिकलो, आणि खरं सांगतो, त्यात मला थोडी मजाही यायला लागली होती.

जगाची स्टिअरिंगं सरळ करणाऱ्या या माणसाला रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. तरुणपणी लोखंडाचा कण उडून एक डोळा गेला. तेव्हापासून त्यांची गोल दिव्यांची जुनी गाडी माझी ताई चालवते आणि ते शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकतात. घरात दोघं कामापुरतं बोलतात. खरी भांडणं, खरे बेत, पोरीच्या लग्नाची सगळी खलबतं त्या दोन सीटवर झाली.

मग ताईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, खांद्याला हिसका बसता कामा नये. त्या गाडीचं स्टिअरिंग उभ्या जागी वळवायचं तर दोन्ही हात आणि वर पाठ लागायची. आठ महिने गाडी कापडाखाली राहिली. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ताई म्हणाली, "पुढच्या सोमवारी अकरा वाजता एक जण गाडी बघायला येतोय. मला चालवता येणार नसेल तर ती रोज डोळ्यांसमोर नको."

भावोजी पाण्याचा पेला ठेवून कापडाखालच्या गाडीकडे गेले. सकाळी गॅरेजात आल्या आल्या मला म्हणाले, "रॅक बसवतो."

म्हणजे जुनी जड स्टिअरिंगची पेटी काढायची आणि नव्या गाड्यांत असतो तसा आडवा रॅक लावायचा, वर स्टिअरिंगच्या दांड्याला जोर देणारी छोटी मोटर. प्रश्न एवढाच, की रॅक कोणता? तयार किट विकणारा फोनवर म्हणाला, "काका, चार बोल्ट आणि दोन तासांचं काम." भावोजींनी लांबी विचारली. आकडा ऐकून फोनच ठेवला.

"नऊ सेंटीमीटर जास्त. रॅकचे सांधे आणि चाक धरणाऱ्या आर्मच्या बिजागऱ्या जुळल्या नाहीत, तर चाक खड्ड्यात गेलं की स्वतःच्या मर्जीने वळणार. आत हिची बहीण... तुझी बहीण बसणार आहे." माणूस घाबरला की त्याची नाती अशी घोटाळतात. मी हसलो नाही.

भंगारवाल्याकडे तीन दिवस काढले. दोरी लावून अकरा रॅक नाकारले. भंगारवाला म्हणाला, "ओळंबाशेठ, मुलीसाठी स्थळ बघताय का?" बारावा एका छोट्या गाडीतून निघालेला, लांबीला बरोबर बसला. तोवर शुक्रवार उजाडला होता.

लांबी जुळली, उरली रॅक बसवायची उंची. ती मोजायची तर गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी करून स्वतः शिडीने खाली उतरायला हवं. भावोजींचा गुडघा त्या आठवड्यात भोपळ्यासारखा सुजला होता. ते म्हणाले, "लिफ्टवर घे." मी घेतली. चाकं लोंबत होती. त्यांनी खालून उभ्याने दोरी लावली, खडूने खूण केली आणि वेल्डिंगचा चष्मा चढवला.

शब्द माझ्या ओठांवर आला होता. आला आणि मी तो गिळला. वाटलं, बघू या, ओळंबा स्वतः कधी चुकतो का!

रविवारी सकाळी गाडी आवारात एका बोटाने वळली. ताईचे डोळे भरून आले. भावोजी मला म्हणाले, "तू बस शेजारी. मी बाहेरून चाकं बघतो."

गल्ली ओलांडेपर्यंत सगळं लोण्यासारखं होतं. पहिल्या गतिरोधकावर ताईच्या हातात स्टिअरिंग हललं. "हे काय रे?"

"नवीन आहे, सवय होईल," मी म्हणालो. आयुष्यात इतकं नीच वाक्य मी दुसरं बोललो नाही.

पुढे नदीचा पूल. पुलाच्या मध्यावर लोखंडी जोड आहे, तिथे रस्ता जरा खचलाय. समोरून टँकर येत होता. चाकं जोडावर आदळली आणि गाडी स्वतःहून टँकरकडे वळली. ताई ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, त्या खांद्यानेसुद्धा. टँकर इतक्या जवळून गेला, की आमचा आरसा मिटला.

पूल संपल्यावर तिने गाडी कडेला घेतली. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. धाकट्या भावाचं तोंड तिला वाचता येतं.

मी सगळं सांगितलं.

"मी नाही बोलणार त्यांना. तू बोलायचंस."

परतताना ती चालण्याच्या वेगाने आली. भावोजी फाटकातच उभे होते. "कशी आहे?"

"माप चुकलंय," मी म्हणालो. "लोंबत्या चाकांवर घेतलंत. मी पाहिलं होतं."

त्यांचा एक डोळा माझ्यावर खिळला. "पाहिलं होतंस? आणि तिला बसू दिलंस?"

"तुम्ही कधी बोलू दिलंत मला?" माझा आवाज चढला, पण खरं तर मला रडू येत होतं. ते बोलू देत नाहीत हे खरंच. पण त्या दिवशी मी गप्प बसलो तो त्यांना चुकताना बघायला. हेही मग मी त्यांच्या तोंडावर सांगून टाकलं.

"माझा हात अजून थरथरतोय," ताई म्हणाली. "भांडण नंतर करा."

भावोजींनी तिचा हात हातात घेतला, उगाच उलटापालटा करून पाहिला आणि सोडला. मग मला म्हणाले, "शिडी लाव."

गाडी खड्ड्यावर घेतली. एकेका पायरीला दात आवळत ते खाली उतरले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "रॅक सव्वीस मिलिमीटर खाली बसलाय." दुपारभर आम्ही रॅकचे जोड कापून पुन्हा वेल्डिंग केलं. दर मापाला ते दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे देत होते. शेवटी चाकाला पेन्सिल बांधली, समोर पुठ्ठा धरला आणि जॅकने चाक वर-खाली केलं. चाक वळलं असतं तर रेघ वाकडी आली असती. ती सरळ आली. भावोजींनी तीनदा काढून पाहिली.

सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. ताईच्या शेजारी भावोजी, मागे मी. पुलावरचा जोड आला. धप्प झालं आणि गाडी सरळ पुढे गेली.

"तुम्ही डोळा मिटला होतात," ताई म्हणाली.

"नाही."

"मिटला होतात. मी परत जाते. आता उघडा ठेवा."

पुलापलीकडे तिने एका हाताने गाडी फिरवली. दुसऱ्यांदा जोड आला आणि गेला. भावोजी समोरच बघत होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुला काही जाणवलं का रे?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"मागचं डावं दार वाजतंय," मी म्हणालो.

"वाजतंय," भावोजी म्हणाले. "घरी गेलो की बघू दोघं."

"आधी त्या अकराच्या माणसाला फोन करा," ताई म्हणाली, "येऊ नको म्हणावं."