उलटा साथिया

देवासच्या टेकडीवर दोन देव्या आहेत, थोरली माता आणि धाकटी माता. सख्ख्या बहिणी म्हणतात त्यांना. एकीला भेटून दुसरीला चुकवायचं नाही. आम्हीही दोघी बहिणीच. मी थोरली, देवासला मुलींच्या शाळेत मास्तरीण. धाकटी धारला दिलेली.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी तिच्या सासूबाई तिला घेऊन आमच्याकडे आल्या. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. माळव्यातली रीत अशी, की देवळाच्या मागच्या भिंतीवर शेणानं उलटा साथिया, म्हणजे उलटं स्वस्तिक, काढून नवस बोलायचा. नवस फळला की ज्यानं काढला त्यानंच येऊन कुंकवानं सुलटा काढायचा. मला असल्या गोष्टींची चीड येते, पण त्या दिवशी शेण मीच कालवून दिलं. मूल झालं नाही तर मेहुण्यांचं दुसरं लग्न करायचं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं, आणि तेव्हा त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. धाकटी मेली लाजाळू. ‘मला मूल दे’ काही तिच्या तोंडून निघेना. ‘घरात पाळणा हलू दे’ एवढंच पुटपुटली.

वर्षभरात सवत आली. वडिलांनी धारला खेटे घातले, मी जाऊन भांडले, कुणी दाद दिली नाही. पुढं सवतीला मुलगा झाला.

बाळ सव्वा महिन्याचं झालं तशा सासूबाई सगळ्यांना घेऊन पुन्हा देवासला आल्या. टेकडी चढताना बाळ धाकटीच्याच खांद्यावर होतं. तिला त्याचा फार लळा लागला होता, आणि मला ते बघवत नव्हतं. देवळामागं सासूबाईंनी कुंकवाची वाटी धाकटीपुढं धरली. मूल जिचं तिनं साथिया काढावा, असं मी म्हटलं.

“नवस हिचा होता,” त्या शांतपणे म्हणाल्या. “घरासाठी मागितला, घराला पावला. सुलटा केला नाही तर पोराला बाधेल.”

शाळेत माझ्या नुसत्या नजरेनं वर्ग चिडीचूप होतो. तीच नजर मी सासूबाईंवर रोखली; त्यांनी वाटी तशीच पुढं धरून ठेवली.

धाकटीनं बाळ माझ्याकडे दिलं, बोटं कुंकवात बुडवली आणि साथिया काढला, चांगला ठसठशीत. मग वळून तिनं बाळासाठी हात पुढं केले. तेवढ्यात त्याच्या आईनं त्याला माझ्याकडून उचलून घेतलं. धाकटीचे लाल हात तसेच पुढं राहिले.