मरून बुटावरचं खोबरेल

दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी भाड्याने राहायचो. ती पुण्याची, इंग्रजी शाळेतली. मी तालुक्याच्या कॉलेजातली बी.कॉम., आमच्या घरातली पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. दोघींची नोकरी नोएडात, सेक्टर वेगवेगळे. सकाळी एकाच चार्टर्ड बसने जायचं, रात्री एकाच कुकरमधली खिचडी खायची.

नोएडात तेव्हा रोज नवी पाटी लागायची. अशाच एका परदेशी कंपनीत थेट मुलाखती होत्या. जाहिरात मीच पाहिली, मीच तिला वाचून दाखवली. मुलाखतीसाठी म्हणून मरून रंगाचे, घोट्याच्या वर येणारे चामड्याचे बूट घेतले. असे बूट आमच्या घरात कुणाच्या पायात गेले नव्हते.

आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "यार, जाऊ नकोस. माझ्या बॉसला पक्कं माहीत आहे, माणसं आधीच ठरलीत. तुझी रजा फुकट जाईल."

मी गेले नाही. बूट खोक्यात राहिले.

संक्रांतीला मराठी मंडळाच्या तिळगुळाला जायचं म्हणून खोकं उघडलं. उजव्या बुटाचं टोक खरवडलेलं, आणि वर मेणासारखा पांढुरका थर.

"वरच्या आंटींच्या मुलीचं काम," ती आरशातूनच म्हणाली. "किल्ली असते ना त्यांच्याकडे."

"विचारते तिला."

"जाऊ दे गं, सणासुदीला कशाला भांडण!"

मी बूट घेऊन बाल्कनीत उन्हात बसले. ओल्या फडक्याने थर निघेना, पाणी नुसतं ओघळून जाई. ऊन लागलं तसा तो विरघळला आणि वास आला. खोबरेल! फडकं लाल झालं होतं. कुंकू.

त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळे सरसोंचं, म्हणजे मोहरीचं तेल लावायचे. खोबरेलाची बाटली एकच, आमची. दिल्लीच्या थंडीत ती गोठायची म्हणून रोज सकाळी याच बाल्कनीत उन्हात ठेवायचो. कुंकूही आमच्याच देवापुढच्या कोयरीतलं. आंटींच्या मुलीला यातलं काय सुचणार?

मी आत जाऊन फडकं तिच्यापुढे धरलं.

"अगं, एकदाच घातले," ती म्हणाली. "बसच्या पायरीला टोक घासलं. रंग मिळताजुळता होता, म्हणून कुंकू कालवून लावलं. तुला कळलं नसतं."

"पायाच्या बुटाला देवापुढचं कुंकू?"

"आता तू हा विषय काढणार?"

"कुठे गेली होतीस?"

"चिडू नकोस हं. मुलाखतीला. तुझं इंग्रजी... तू तिथे अडखळली असतीस. मला बघवलं नसतं."

म्हणजे मला वाचवलं होतं तिने. बूट मात्र माझेच लागले. मी त्या दिवशी तिळगूळ घ्यायला गेले नाही.

पुढे कितीतरी संध्याकाळी त्या टोकावर गेल्या. टाल्कम पावडर टाकून तेल शोषवलं, ओरखड्याच्या उभ्या राहिलेल्या कडा बोटाने दाबल्या, मरून रंगाचं क्रीम पातळ पातळ लावून वाळवलं. बाकी बुटावर रंग छान बसला. तेल मुरलं होतं तेवढी जागा काळपटच राहिली.

कंपनीतली ती जागा तिलाच मिळाली. रुजू व्हायच्या सकाळी दारात उभी राहून म्हणाली, "पहिला दिवस आहे. बूट देतेस? डाग आता दिसत नाही."

मी खाली बसले, तिच्यासमोर दोन्ही बूट पायात चढवले, नाड्या बांधल्या.

"दिसतो," म्हटलं, आणि बसला निघाले.

पुढच्या मुलाखतीला मी तेच बूट घालून गेले. अडखळले, पण बोलत राहिले. या वेळची जाहिरात मी कुणालाही वाचून दाखवली नव्हती.